अ‍ॅल्युमिनियमच्या छोट्या होडीत डेक बसवताना: फळी सगळ्यात शेवटी

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या होड्यांची कहाणी बहुतेक एकच असते. बारा फुटी, सपाट बुडाची, पातळ पत्र्याची होडी, आत हौसेने बसवलेला डेक, म्हणजे उभं राहायचा फळ्यांचा मजला. एक पावसाळा गेला की डेक करकरायला लागतो, खाली पाणी साचतं आणि पत्र्यावर पांढरी भुकटी धरते. सुरुवात कुठून केलीत असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "काका, प्लाय आणला." इथेच गाडी चुकते. वजनाचा हिशेब, पाण्याची वाट, सांगाडा, वायरी आणि फोम हे सगळं फळीच्या आधी उरकायचं असतं. फळी ठोकल्यावर यातलं एकही काम धड होत नाही.

खालचा क्रम गोड्या पाण्यातल्या १२ फुटी होडीसाठी आहे. बडोद्याची मंडळी चाणोदच्या बाजूला नर्मदेवर किंवा महीवर जातात, त्यांना तो पुरतो. भरूचच्या खाली खाडीच्या खाऱ्या पाण्यात जाणार असाल तर क्रम तोच ठेवा, फक्त स्टेनलेसचे बोल्ट-स्क्रू ३०४ ऐवजी ३१६ प्रतीचे घ्या.

आणि काम दिवाळीनंतर काढा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२च्या वर जातो, इपॉक्सी (प्लायला लावायचा, दोन भाग कालवून घट्ट होणारा लेप) भांड्यातच गोठतं. पावसाळ्यात प्लाय हवेतला ओलावा पितो आणि तोच ओलावा तुम्ही रंगाखाली कोंडता.

१. होडी रिकामी करा, धुवा, गळती शोधा

सगळं सामान बाहेर काढा. साबणाच्या पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने तळ घासा. लोखंडी तारेचा ब्रश किंवा भांडी घासायची लोखंडी जाळी अजिबात वापरू नका. तिचे बारीक कण पत्र्यात रुततात, गंजतात आणि त्या जागी खड्डे पडतात. ज्या ग्राइंडरवर आदल्या दिवशी लोखंड घासलं, त्याच चकतीने अ‍ॅल्युमिनियम घासणंही त्यातलंच.

आता गळती. होडी पाण्यात सोडून आत बघत बसण्यापेक्षा उलटं करा: जमिनीवर होडीत पाणी भरा आणि बाहेरून थेंब शोधा. बुडाखाली वाळूची पोती किंवा जुने टायर सगळीकडे सारखे टेकवा. तीन चौरस मीटरच्या तळात एक सेंटिमीटर पाणी म्हणजे ३० किलो, तेव्हा तीन-चार सेंटिमीटरच्या वर भरू नका. जिथे थेंब दिसेल तिथे खडूने गोल काढा. ढिला रिव्हेट ड्रिलने काढून त्या जागी बंद तोंडाचा रिव्हेट सीलंट लावून बसवा. खिडक्यांना वापरतो तो साधा पॉप रिव्हेट इथे उपयोगाचा नाही. त्याच्या मधल्या भोकातूनच पाणी येतं.

सावधान: ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते अ‍ॅल्युमिनियमवर लावू नका. तो वास आम्लाचा असतो आणि ते पत्रा खातं. न्यूट्रल सिलिकॉन मागा, नाहीतर पॉलियुरेथेन सीलंट घ्या.

तपासणी: रात्रभर पाणी ठेवून सकाळी बाहेरची बाजू कोरडी दिसली पाहिजे. तोवर पुढे सरकू नका.

२. वजन आणि उंची कागदावर ठरवा

या टप्प्यात माणसं सगळ्यात जास्त घाई करतात आणि जीवाशी गाठ याच टप्प्याची असते.

उभं राहून गळ टाकायला उंच डेक छान वाटतो, पण उंचीची किंमत होडी चुकवते. समजा होडी, मोटर आणि सामान मिळून १०० किलो आणि दोन माणसं १४० किलो. दोघं तळाऐवजी ३० सेंटिमीटर उंच डेकवर उभे राहिले, तर २४० किलोंचा गुरुत्वमध्य साडेसतरा सेंटिमीटर वर सरकतो. जेमतेम मीटरभर रुंद बुडाच्या होडीला हे फार झालं. एकाने मासा ओढायला वाकावं आणि दुसऱ्यानेही बघायला त्याच बाजूला यावं, एवढं पुरे.

माझा नियम साधा आहे. १२ फुटी होडीत डेक बसायच्या बाकाच्या उंचीपेक्षा वर न्यायचा नाही आणि होडीच्या काठापासून तो निदान २० सेंटिमीटर खाली राहिला पाहिजे. जमलं तर त्याहून खाली ठेवा. डेक फक्त पुढच्या अर्ध्या भागात करा. अख्खी होडी झाकणारा डेक फोटोत झकास दिसतो, पण खाली तळात उतरून बसायला जागा उरत नाही, आणि वारा सुटल्यावर त्या जागेचीच गरज लागते.

मग वजन मांडा. १२ मिलिमीटरच्या मरीन प्लायचं वजन चौरस मीटरला साधारण साडेआठ किलो धरा. ८ बाय ४ फुटांची अख्खी शीट २५ किलोंच्या आसपास भरते. २५ बाय २५ बाय ३ मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियम अँगल मीटरला ४०० ग्रॅमच्या आतबाहेर. त्यात १०० अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी २५ ते ३० किलोंची. होडीवर किती वजन चालेल याची पट्टी असेल तर ही बेरीज त्यातून वजा करा. पट्टी नसेल तर जितकी माणसं आजवर नेत होतात त्यात एक कमी धरा.

तपासणी: काही कापायच्या आधी ठरवलेल्या उंचीवर दोन जाड फळ्या दोरीने आडव्या बांधा, लाइफ जॅकेट घाला आणि कमरेएवढ्या पाण्यात होडीवर उभे राहा. एका काठाकडे सरका. काठ पाण्यापासून चार बोटांवर आला तर उंची कमी करा. आणि कृपा करून ही चाचणी विश्वामित्री नदीत किंवा आजवा तलावाच्या कडेला करू नका. दोन्हीकडे मगरी आहेत. त्यांना तुमच्या डेकचं काही पडलेलं नसतं.

३. बाक कापायच्या आधी दहा वेळा विचार करा

आडवी बाकं बसण्यापुरती नसतात. पातळ पत्र्याच्या दोन्ही बाजूंना ती धरून ठेवतात, शिवाय बहुतेक होड्यांत त्यांच्या पोटातच तरंगायचा फोम भरलेला असतो. म्हणजे बाक काढलं की होडीची मजबुती आणि होडी बुडू न देणारी वस्तू एकाच फटक्यात जातात.

हे मी स्वतः करून बसलो आहे. पहिल्या होडीत मधलं बाक आडवं येतं म्हणून सरळ कापून टाकलं. दोन फेऱ्यांत काठ बाहेर फाकले आणि मागच्या कोपऱ्यातले रिव्हेट रडायला लागले. शेवटी त्याच जागी चौकोनी पाइपचा आडवा दांडा टाकावा लागला. बाक तसंच ठेवलं असतं तर निम्म्या मेहनतीत काम झालं असतं.

म्हणून डेक बाकांच्या आधाराने करा. पुढचं बाक आणि मधलं बाक यांच्यामधला खड्डा भरून काढणं एवढंच काम ठेवा. एखादं बाक काढणं अगदी भाग असेल, तर आधी त्या जागी काठापासून काठापर्यंतचं अंतर मोजून पत्र्यावर लिहा, आडवा दांडा आणि तळापर्यंत जाणारे दोन खांब बसवा आणि मगच बाक कापा. काम संपल्यावर अंतर तेच आलं पाहिजे.

४. पाण्याची वाट राखा

डेकखाली पाणी जाणारच. पावसाचं जाईल, ओल्या दोरीचं जाईल, माशांच्या बादलीचं जाईल. ते अडवायच्या नादी लागू नका, पाणी काढायच्या मागच्या बुचापर्यंत त्याला वाट द्या.

तळाच्या बरगड्यांना मोऱ्या, म्हणजे पाणी जायची भोकं, असतात, त्या चिखलाने बुजल्या असतील तर मोकळ्या करा. सांगाड्याचा कोणताही आडवा तुकडा तळाला सलग टेकता कामा नये. त्याच्या खालून बोट जाईल एवढी फट हवी. मागच्या बुचावर हात पोहोचेल असं उघडणारं झाकण नकाशातच दाखवा. डेक पूर्ण झाल्यावर बूच कुठे गेलं म्हणून शोधणारे लोक मी पाहिलेत.

तपासणी: होडीचं पुढचं टोक वीतभर उचला आणि पुढे एक बादली पाणी ओता. सगळं पाणी बुचातून बाहेर आलं पाहिजे. कुठे डबकं राहिलं तर सांगाडा आखताना ती जागा मोकळी सोडा.

५. सांगाडा

सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचाच करा. लाकडी चौकट स्वस्त पडते हे खरं, पण ती ओली राहते आणि पत्र्याला चिकटून बसते. खिडक्यांच्या सेक्शनवाल्याकडे अँगल आणि चौकोनी पाइप किलोवर मिळतो. आतून हात लावून बघा. तीन मिलिमीटर जाडी सांगून दीड मिलिमीटरचा माल गळ्यात मारला जातो, तेव्हा व्हर्नियर खिशात असू द्या. माझ्या दुकानातही गिऱ्हाइकाने व्हर्नियर काढलं तर मला राग येत नाही.

वेल्डिंगच्या फंदात पडू नका. सांगाडा बाहेर टेबलावर वेल्ड करून आणायचा तर आर्गन वायूचं वेल्डिंग करणारा कारागीर गाठा. पण होडीच्या पातळ पत्र्याला वेल्ड लावलं की भोक पडायला क्षण पुरतो, आणि बाकाच्या पोटातला फोम पेट घेतो. रिव्हेट आणि बोल्ट पुरेसे आहेत.

क्रम असा ठेवा. दोन्ही बाजूंना आतून आडवा अँगल, त्यावर आडवे दांडे, मध्यभागी खाली बरगडीवर टेकणारे खांब. १२ मिलिमीटर प्लायसाठी दोन दांड्यांमधलं अंतर ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. ९ मिलिमीटर वापरणार असाल तर ३०. खांब नेहमी बरगडीवर उतरवा. दोन बरगड्यांमधल्या नुसत्या पत्र्यावर खांब ठेवला तर उडी मारणाऱ्या माणसाचं सगळं वजन त्या टोकावर येतं. खांबाच्या पायाखाली तळहाताएवढी जाड पट्टी आणि रबर द्या.

४.८ मिलिमीटरच्या रिव्हेटला ४.९चं भोक पाडा. ड्रिल ढिलं धरून भोक सव्वापाच झालं तर रिव्हेट लागलेला दिसतो, पण धरत नाही. भोकाच्या कडेची खरड कानशीने काढा.

सावधान: होडी भरलेली असताना पाणी जिथवर चढतं, त्याच्या खाली एकही नवं भोक पाडू नका. बाजूचा अँगल त्या रेषेच्या वरच लावा. तळाला धरायचं असेल तर बरगडीच्या उभ्या भागाला धरा.

तपासणी: गुण्या नको, होडीत काहीच काटकोनात नसतं. एक सरळ पट्टी सगळ्या दांड्यांवर आडवी-उभी फिरवा. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त झोल असेल तर आत्ताच काढा. तो नंतर प्लायने झाकला जात नाही, करकरतो.

६. वायरी, बॅटरी, पेट्रोल

वायरी प्लास्टिकच्या पाइपातून दांड्यांच्या खालच्या अंगाला बांधा, तळाच्या पाण्यात लोळू देऊ नका. पाइपात एक रिकामी दोरी सोडून ठेवा, पुढे दिवा किंवा पंप वाढवताना तिचे उपकार आठवतील. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला लागून हवा. ऋण टोक होडीच्या पत्र्याला जोडायचं नाही. मोटारगाडीत चालतं ते इथे चालत नाही, इथे पत्रा झिजतो.

पेट्रोलची टाकी डेकखाली बंद जागेत ठेवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते आणि बॅटरीच्या तोंडावरची एक ठिणगी पुरते. टाकी मागे उघड्यावर ठेवा, पट्ट्याने बांधून. बॅटरी वेगळ्या, हवा खेळणाऱ्या खोक्यात.

७. फोम: कुठला आणि कुठे

थर्माकोल नको. तो कालांतराने पाणी पितो आणि त्याचे दाणे मोऱ्या बुजवतात. छतावर उष्णतारोधक म्हणून वापरतात तो कडक, दाट एक्सपीएस (एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीन) फोम घ्या. ओतून फुगणारा फोमही टाळा. तो कोपऱ्यांत पाणी धरून ठेवतो आणि खालचा पत्रा पुन्हा कधी दिसत नाही. पेट्रोलने थर्माकोल आणि एक्सपीएस दोन्ही विरघळतात, हे टाकीची जागा ठरवताना लक्षात असू द्या.

हिशेब अवघड नाही. १०० लिटर फोम पाण्याखाली गेला की स्वतःचं वजन जाऊन ९५ किलोंच्या वर उचल देतो. ५५ किलोंच्या अ‍ॅल्युमिनियमच्या होडीचं वजन पाण्यात साधारण ३५ किलोच राहतं. त्यात मोटर आणि बॅटरी धरा. १.२५ मीटर बाय ६० सेंटिमीटर बाय ५ सेंटिमीटरचे तीन पाट ११२ लिटर होतात. बाकांतल्या जुन्या फोमच्या जोडीला एवढे असले तर पाण्याने भरलेली होडीही धरून राहण्याजोगी तरंगते.

चूक होते ती जागेत. लोक सगळा फोम तळाशी अंथरतात. होडी पाण्याने भरली की तळचा फोम वर यायला बघतो आणि होडी पालथी होते. फोम बाजूंना, डेकच्या लगेच खाली, जितका उंच बसेल तितका उंच लावा, आणि पुढे-मागे वाटून. तळ मोकळा राहू द्या, म्हणजे पाण्याची वाटही राहते. पाट दांड्यांना पट्ट्यांनी बांधा. नुसते सरकवून ठेवलेले पाट होडी कलंडताच निघून जातात.

८. आता प्लाय

दुकानात "मरीन" म्हणून काहीही मिळतं. शीटवर आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का बघा. आयएस ३०३ चा प्लाय स्वयंपाकघराच्या कपाटासाठी ठीक, होडीत नको. आणि दुकानदार "चालशे" (चालेल) म्हणाला की समजा, चालणार नाही. शंका असेल तर हातभर तुकडा घेऊन त्याचे दोन भाग करा आणि एक पातेल्यात आठ तास उकळा. मानकाची चाचणी ७२ तासांची आहे, पण खोटा माल आठ तासांतच पापुद्रे सोडतो. पातेलं घरचं वापरू नका. वास जात नाही आणि बोलणी वेगळी बसतात.

मरीन प्लायला वाळवी-बुरशीचं औषध मुरवलेलं असतं आणि त्यात तांब्याचे क्षार असू शकतात. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं. पत्र्यावरच्या पांढऱ्या भुकटीचं हे एक मोठं कारण. म्हणून प्लाय आणि सांगाडा यांच्यामध्ये काहीतरी हवंच. खिडकीच्या काचेला लावतात ते काळं रबर सगळ्या दांड्यांवर चिकटवा, काम होतं. (होडीची पूजा जरूर करा, पण तांब्याचं नाणं तळात टाकून ठेवू नका. ओल्या पत्र्यावर पडलेलं नाणं भोक पाडू शकतं.)

साचा फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा करा. पुठ्ठा बसेपर्यंत कापत राहा, पुठ्ठ्याला पैसे पडत नाहीत. होडीच्या बाजूंपासून सगळीकडे सहा मिलिमीटर फट ठेवा. वर कार्पेट गुंडाळणार असाल तर दहा. डेक दोन किंवा तीन तुकड्यांत करा आणि जोड दांड्याच्या बरोबर मध्यावर येऊ द्या. झाकणाचे चौकोन कापताना कोपरे गोल ठेवा, काटकोनातून चीर पडते.

कापून झाल्यावर सगळी भोकं पाडा, आणि मग इपॉक्सी. आधी इपॉक्सी मग भोकं केली तर प्रत्येक भोक पाण्याला उघडं दार होतं. ६ मिलिमीटर बोल्टसाठी १२चं भोक पाडा, इपॉक्सीने भरा, वाळल्यावर त्यात ६चं पाडा. वेळखाऊ आहे, मान्य. पण प्लाय सडायला सुरुवात भोकापासून आणि कडेपासूनच होते.

इपॉक्सीचं प्रमाण डब्यावर वजनात दिलं असेल तर काट्यावर तोला, अंदाजाने नको. थोडंथोडं कालवा आणि लगेच पसरट थाळीत ओता. खोल डब्यात ते स्वतःच्याच उष्णतेने तापून पाच-दहा मिनिटांत दगड होतं. हात संध्याकाळी मारा. सकाळी मारलात तर ऊन चढेल तशी लाकडातली हवा फुगते आणि बुडबुडे येतात. वर, खाली आणि कडांना, सगळीकडे तीन-तीन हात, कडांना चौथा. इपॉक्सी उन्हात टिकत नाही, त्यावर रंग हवाच.

९. बसवणं आणि वरचा थर

प्लाय स्टेनलेसच्या स्क्रूंनी किंवा बोल्टांनी बसवा, डोक्याखाली नायलॉनचा वॉशर. जस्ताचा मुलामा दिलेले पिवळे-पांढरे स्क्रू एका मोसमात गंजतात. आधी सगळे स्क्रू निम्मे फिरवा, मग मध्यापासून बाहेर कसत जा. एक कोपरा आधी पूर्ण कसलात तर दुसरा उचलतो. निदान एक तुकडा पुन्हा काढता येईल असा ठेवा.

वरच्या थराबद्दल माझं मत पक्कं आहे: रबराच्या पाठीचं कार्पेट नको. ते पाणी धरतं, वास मारतं आणि गळ त्यात अडकतात. रंगाचा ओला हात असतानाच बारीक चाळलेली कोरडी वाळू शिंपडून वरून दुसरा हात मारा. पाय घसरत नाही, धुवायला सोपं. रंग फिकट राखाडी किंवा बदामी घ्या. गडद डेकवर एप्रिलच्या दुपारी अनवाणी उभं राहता येत नाही.

१०. पाण्यावर

पहिल्या दिवशी मासेमारी नाही. किनाऱ्याजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, एकट्याने, जॅकेट घालून. मग दुसरा माणूस. मग मोटर सुरू करून हळू वळण. प्रत्येक पायरीला काठ आणि पाणी यातलं अंतर मोजा आणि लिहा.

जॅकेट अंगात हवं, डेकखालच्या कप्प्यात नको. १८ जानेवारी २०२४ रोजी आपल्याच बडोद्याच्या हरणी तळ्यात होडी उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांच्या अंगात जॅकेट नव्हतं. डेकमुळे होडी मोठी झाल्यासारखी वाटते आणि मग "अजून एक जण मावेल" असं कुणीतरी म्हणतं. तुमच्या कागदावरचा आकडा बदललेला नसतो.

परत आल्यावर बूच काढा, होडीचं पुढचं टोक उंच करून ठेवा, झाकणं उघडी ठेवा. महिन्याने काढता येणारा तुकडा उचलून बॅटरीच्या खोक्याखाली आणि खांबांच्या पायाशी टॉर्च मारा. पांढरी भुकटी दिसली तर तिथलं रबर सरकलं आहे. पत्रा घासून कोरडा करा, रबर नव्याने लावा, आणि पुढच्या महिन्यात तीच जागा आधी बघा.